वडील शेवटच्या अवस्थेत आहेत, अंत्यविधी नि उत्तरकार्याची तयारी कशी करावी? एका ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. ताई पुण्यात नोकरीला, भाऊ सुरतला, आईवडील पारोळा तालुक्यातल्या गावी. वडील 82 वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलंय. वडलांनी शुद्धीत असताना बोलून ठेवलंय की माझे डोळे द्या, तेराव्याला कर्ज काढून गाव जेवू घालू नका, त्यापेक्षा गावासाठी काहीतरी करा. आता भाऊबंद ऐकतील का, आईचं काय होईल, अग्निडाग मी दिला तर चालेल का, आणि माणूस जिवंत असताना ही तयारी करणं अभद्र तर नाही ना, असं ताईंनी विचारलंय.

शेवटचं आधी घेतो. नाही ताई, अजिबात अभद्र नाही. आपल्याकडच्या जुन्या म्हाताऱ्या बाया पेटीत तळाला गंगाजलाची कुपी, सोन्याचा मणी आणि स्वतःच्या अंगावर टाकायचं नवंकोरं लुगडं बाजूला काढून ठेवायच्या आणि सुनेला दाखवूनसुद्धा ठेवायच्या, त्याला कोणी अभद्र म्हणत नव्हतं. आमचं अंत्यविधीच्या सामानाचं, शवपेटीचं आणि वैकुंठरथाचं काम आहे, वडलांपासून चालत आलेलं, अमळनेर पारोळा धरणगाव या पट्ट्यात, आणि मी बघतो की ज्या घरात आधी चार गोष्टी बोलून झालेल्या राहतात त्या घरातली माणसं नीट रडू शकतात. जिथं काहीच ठरलेलं नसतं तिथं मुलगा बापाजवळ बसायचं सोडून फोनवर लाकडं आणि मंडप बघत फिरतो. मी खाली जे सांगतोय ते आपल्याकडच्या हिंदू घरांच्या रिवाजाप्रमाणे सांगतोय, बौद्ध घरात त्रिशरण पंचशील आणि मग जलदान विधी, पुण्यानुमोदन असं राहतं, महानुभाव मंडळी दहन न करता जमिनीत देतात, मुस्लिम घरात दफन शक्य तितकं लवकर उरकतात, तिथं तिथले जाणते विचारावेत. पण कागदपत्रांचा भाग सगळ्यांना सारखाच आहे.

सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे कारभारी नेमा. अग्निडाग देणारा वेगळा आणि कारभार बघणारा वेगळा, हे एवढं एक जरी केलं ना तरी निम्मा भार उतरतो. माणूस गेल्यावर पहिल्या तासातच सुरू होतं, किती वाजता काढायचं, लाकडं कुठून आणायची, व्याहींना कळवलं का, मामाकडची गाडी निघाली का, ब्राह्मणाला निरोप गेला का, आणि हे सगळं विचारायला लोक येतात ते थेट मुलाकडे नाहीतर मुलीकडे, ज्याच्या डोळ्याचं पाणी अजून खळलेलं नसतं. तुमच्या घरात असा एखादा चुलतभाऊ, आतेभाऊ, जावई किंवा वडलांचे मित्र असलेले एखादे रिटायर गुरुजी असतील, ज्यांचा आवाज गावात चालतो आणि ज्यांना राग लवकर येत नाही, त्यांना आजच फोन करून सांगा की जिभाऊ (वडीलधाऱ्याला आपण म्हणतो तसं), वेळ आली तर सगळं तुमच्याकडे. त्यांच्याकडे नातेवाइकांच्या फोनची यादी द्या, थोडी रोख रक्कम देऊन ठेवा, आणि भावाला सांगा की त्या दिवशी कोणी काही विचारलं तर एकच उत्तर, "जिभाऊला विचारा."

दुसरं, वडलांची इच्छा कागदावर घ्या. अजून बोलत असतील तर त्यांच्या तोंडून मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, आणि भाऊबंदातला एक वडीलधारा आणि तुमचे मामा अशा दोघांच्या समोर घ्या. हे मृत्युपत्र नव्हे, शेतीवाडीचं मृत्युपत्र हा वेगळा विषय, त्यात हे मिसळू नका. हा कागद फक्त डोळे, जेवण, विधी आणि आठवणीसाठी काय करायचं एवढ्यापुरता. याचा उपयोग काय, तर दहाव्याला एखादे काका म्हटले की आमच्या घराण्यात असं झालं नाही, तर तुम्हाला वाद घालायची गरज पडत नाही, मामा स्वतः म्हणतात की मी समोर होतो, नाना असंच बोलले होते. मेलेल्या माणसाचा शब्द आपल्याकडे सहसा कोणी मोडत नाही, फक्त तो शब्द कोणीतरी ऐकलेला पाहिजे.

आता प्रत्यक्ष वेळ येते तेव्हाचं सांगतो. घरी प्राण गेला तर आधी डॉक्टर, ज्यांच्याकडे उपचार चालू होते तेच. मृत्यूची वेळ लिहून ठेवा. डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला म्हणजे नमुना 4अ घ्या, कायद्यानं तो विनामूल्य द्यायचा आहे. आणि त्याच मिनिटाला आयबँकेला फोन, कारण डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि धुळे किंवा जळगावहून टीम यायला रस्त्याचा वेळ जातो. तोपर्यंत घरच्यांनी एवढं करायचं: पापण्या हलक्या हातानं मिटायच्या, वर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच करायचं आणि वरचा पंखा बंद. पंखा बंद करायचा हे बायाबापड्यांना पटत नाही, मे महिन्यात घरात पन्नास माणसं घामेघूम बसलेली असतात, कोणीतरी चालू करतंच, आणि हवेनं बुबुळ सुकतं. म्हणून तिथं एक समजदार माणूस बसवा. टीमचं काम पंधरावीस मिनिटांत होतं, चेहरा अजिबात विद्रूप होत नाही. आधी फॉर्म भरलेला नसला तरी जवळच्या वारसांच्या संमतीनं नेत्रदान होतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, शुगर असली, चष्मा असला तरी चालतं. एड्स, कावीळ ब किंवा क, रेबीज, अंगभर पसरलेलं इन्फेक्शन असं काही असेल तर घेत नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा म्हणजे ऐनवेळी मन मोडायला नको. कोणाच्या घरात देहदानाची इच्छा असेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहेत, तिथल्या शरीररचनाशास्त्र विभागात आधी जाऊन फॉर्म आणि अटी बघून या, पोस्टमॉर्टेम झालेला देह ते घेत नाहीत.

अंगाचं जे करायचं ते पहिल्या दोनतीन तासांत करा. हातपाय सरळ, हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर गाठ, पायाचे अंगठे एकत्र, कारण नंतर शरीर ताठरतं आणि मग ओढाताण करावी लागते, ते बघवत नाही. अंगठी निघत नसेल तर साबणाचं पाणी लावा. आणि एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते, छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर दहनाआधी डॉक्टरांकडून काढून घ्यावाच लागतो, चितेत त्याचा स्फोट होतो. ही गोष्ट कारभाऱ्याच्या कानावर आधीच घाला.

तुम्ही पुण्याहून निघणार, म्हणजे सातआठ तास धरा, भाऊ सुरतहून तापी लाईननं अमळनेरला उतरेल नाहीतर नवापूर धुळे मार्गे गाडीनं येईल, त्यालाही अर्धा दिवस जातोच. रात्री प्राण गेला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे जमतात, पण पहाटे गेला आणि सूर्य मावळायच्या आत काढायचं असं गावकरी म्हणायला लागले तर ओढाताण होते. अशा वेळी शवपेटी, म्हणजे तो काचेचा फ्रीजर, लावून घ्यायचा आणि निवांत दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचं, यात काहीही वावगं नाही. आपल्याकडे एप्रिल मे मध्ये पारा 44, 45 ला जातो, त्यात नुसत्या बर्फाच्या लाद्यांवर भागत नाही. पेटीला सलग लाईट लागते, घरातल्या छोट्या इन्व्हर्टरवर ती ओढत नाही, म्हणून भारनियमन असलेल्या गावात जनरेटर सांगून ठेवा. मुलं येईपर्यंत थांबा. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही याची सल माणूस जन्मभर बाळगतो, आणि त्या मानानं एक रात्र थांबणं काहीच नाही. पंचक लागलंय म्हणून कोणी घाबरवलं तर घाबरू नका, त्याला दर्भाचे नाहीतर पिठाचे पुतळे सोबत ठेवायचा विधी आहे, ब्राह्मण करून देतो, दिवस पुढे ढकलायची गरज नाही.

इथं एक गोष्ट बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो, ताईंच्या घराला लागू नाही. साप चावून, विहिरीत पडून, मोटारीचा शॉक लागून, फवारणीचं औषध अंगात भिनून माणूस गेला तर घाईनं उचलू नका. पोलीस पाटलाला सांगा, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम होऊ द्या. लोक म्हणतात कशाला चिरफाड, पण शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात, आणि हे कागद नसले तर मागे राहिलेल्या बायकोला पुढे काहीच हाती लागत नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, 30 दिवसांच्या आत.

चितेला साधारण तीन ते चार क्विंटल लाकूड लागतं, सुकं. खाली जाड लाकडं, मध्ये गोवऱ्या, आणि पेटवण सगळ्यात चांगली म्हणजे पऱ्हाटी, कापसाची सुकलेली झाडं, आपल्या कापसाच्या मुलखात ती कोणाच्याही खळ्यात मिळते. पावसाळ्यात हेच सगळं अवघड होतं, गावच्या स्मशानभूमीत पत्र्याचं शेड आहे का, त्याखालचा ओटा फुटलेला तर नाही ना, हे कारभाऱ्यानं आधी एकदा जाऊन बघून यावं. ओल्या लाकडावर लोक टायर आणि डिझेल टाकतात, माझं कळकळीचं सांगणं आहे की ते करू नका, तूप, राळ आणि कापूर जास्त घ्या आणि लाकूड आत्ताच एखाद्या पडवीत कोरडं ठेवा. आणि जीवखडा सांभाळा. पाणी पाजताना ज्या खड्यानं मडक्याला छिद्र पाडतात तोच दहाव्यापर्यंत लागतो, आणि गर्दीत तो हमखास इकडेतिकडे होतो, मग दहाव्याला नदीवर शोधाशोध. पांढऱ्या फडक्यात बांधून एकाच माणसाच्या खिशात द्या आणि घरी आल्यावर जागा ठरवून ठेवा.

अग्निडाग तुम्ही देऊ शकता का, तर हो. कायद्याची काही आडकाठी नाही, आणि आपल्या भागातही मुलींनी अग्निडाग दिल्याचं आता गावोगाव बघायला मिळतं. पण भाऊ आहे, त्याच्याशी आधी बोला. मी बऱ्याच ठिकाणी सुचवतो की मडकं भावानं धरावं आणि अग्नी दोघांनी मिळून द्यावा, खांदा तर द्याच, ते बघून पहिल्यांदा चार बाया कुजबुजतात आणि दहाव्याला त्याच बाया म्हणतात की पोरीनं बापाचं केलं.

निरोपाचा मेसेज कारभाऱ्यानं एकदाच लिहावा आणि तोच सगळीकडे जावा, नाहीतर व्हॉट्सॲपवर तीन वेगवेगळ्या वेळा फिरतात आणि लोक उन्हात येऊन बसतात. साधा ठेवा, असा काहीतरी: "आमचे वडील नाना यांचं आज पहाटे वृद्धापकाळानं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे नेत्रदान झालं आहे. अंत्ययात्रा उद्या सकाळी 9 वाजता राहत्या घरून निघेल. कृपया कापड, शाल, हार आणू नयेत. शोकाकुल, पत्नी, मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंडं." खाली सगळ्यांची नावं, मुलीचंही, सुनेचंही. कापड आणू नये हे मुद्दाम लिहा. प्रत्येक सोयरा एकेक कापड नाहीतर शाल घेऊन येतो, तिरडीवर ढीग होतो आणि स्मशानात ते सगळं तसंच फेकलं जातं. ज्यांना वेळेवर येणं जमणार नाही त्यांच्यासाठी द्वारदर्शनाचा, म्हणजे घरी भेटायला यायचा, एकच दिवस आणि वेळ कळवून टाका, म्हणजे दहा दिवस रोज सकाळ संध्याकाळ आईला माणसांपुढे बसून तेच ते सांगत राहावं लागणार नाही.

तिसऱ्या दिवशी सावडायचं. दूध पाणी शिंपडून अस्थी वेचायच्या, मडक्यात किंवा तांब्याच्या लोट्यात घालायच्या. विसर्जनाला तुमच्याकडची बोरी उन्हाळ्यात कोरडी राहते, डबक्यात अस्थी टाकायला मन होत नाही. तापीवर जा. मुडावदला पांझरा तापीचा संगम आहे, कपिलेश्वराचं देऊळ आहे, प्रकाशाला तर लोक दक्षिण काशीच म्हणतात, तिथं गोमाई तापीला मिळते आणि विधी करणारे ब्राह्मणही तिथंच भेटतात. मुक्ताईनगरकडच्यांना चांगदेवला तापी पूर्णेचा संगम जवळ. नाशिकला रामकुंडावर जायची काहींची श्रद्धा राहते, जावं, पण थकलेल्या आईला घेऊन उन्हाचं इतकं लांब जायलाच पाहिजे असं शास्त्रात कुठं नाही. अस्थी थोड्याच असतात, राख मात्र पोतंभर राहते, ती नदीत ओतू नका. वडलांच्या शेतात बांधावर खड्डा करून घाला, त्यावर झाड लावा. फक्त सगळी राख एकाच झाडाच्या मुळाशी घातली तर रोप जळतं, तिच्यात खार जास्त असतो. चारदोन मुठी भरपूर माती आणि शेणखतात मिसळा, बाकीची शेतभर विस्कटून टाका.

आता आईचं. ताई, तुमच्या सगळ्या प्रश्नात मला हा प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो, आणि लोक याच्यावरच सगळ्यात कमी बोलतात. अजूनही कित्येक गावात दहाव्याला नदीवर बाईला बसवून बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, जोडवी काढतात, मंगळसूत्र तोडतात, आणि हे करणाऱ्या बहुतेक वेळा बायाच राहतात, त्यांच्यावरही तेच झालेलं राहतं. पन्नास साठ वर्षांचा संसार केलेली बाई, नवरा जाऊन दहा दिवस झालेले, तिच्यासाठी तो दिवस नवरा गेल्याच्या दिवसापेक्षा जड जातो, हे मी जवळून बघितलंय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 4 मे 2022 ला ठराव करून ही प्रथा बंद केली आणि त्याच महिन्यात 17 तारखेला राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसंच करायचं आवाहन केलं. तुमच्या ग्रामपंचायतीत असा ठराव झालाय का ते विचारा, झाला असेल तर ग्रामसेवकाकडून प्रत घेऊन कारभाऱ्याकडे द्या.

पण नुसत्या कागदानं होत नाही. आईला आधी एकटीला विचारा की तुला काय हवंय. काही आया म्हणतात की मला टिकली लावायची नाही, माझं मन होत नाही, तो तिचा निर्णय, तिथं आपण सुधारणा लादू नये. पण तिला ठेवायचं असेल तर मग घरातल्या सगळ्यात मोठ्या आत्या किंवा मोठी आई यांच्याकडे तुम्ही स्वतः जा, आत्ताच, आणि पाया पडून सांगा की मोठी माय, आमच्या आईच्या अंगाला कोणी हात लावू नये, तू तिच्याजवळ बस. विरोध करू शकणारी बाईच तिची राखण करायला बसवली की बाकीच्या पुढे होत नाहीत. आणि दहाव्याला आईला नदीवर न्यायचंच कशाला, घरी राहू द्या तिला, नातवंडांत.

दहावा, उत्तरकार्य, गंधमुक्ती याचा हिशोब गेलेल्या दिवसापासून धरतात, नक्की दिवस ब्राह्मणाकडून आणि भाऊबंदांकडून पहिल्याच आठवड्यात ठरवून घ्या, कारण आपल्याकडे कोणी दहाव्या अकराव्याला एकत्र करतं, कोणी तेराव्याला, सणवार आडवा आला तर आधी उरकतात. खर्चाचा खड्डा पडतो तो इथंच. पहिल्या दिवशी भाऊबंद पिठलं भाकरी घेऊन येतात, तोवर सगळं माणुसकीचं राहतं, आणि मग उत्तरकार्याला वरण बट्टी, वांग्याची भाजी, गोड, मंडप, पाचसहाशे पानं, वर टोपी टॉवेल आणि साडीचे आहेर. ज्यांची ऐपत आहे त्यांनी करावं, त्यात माझं काही म्हणणं नाही, गाव एका पंगतीला बसतं, त्यातही आधार राहतो. पण सावकाराकडून किंवा पीककर्ज उचलून केलेलं जेवण कोणत्याच पितराला पोचत नाही, हे मी सामान देणारा माणूस म्हणून सांगतो, ज्याचा त्यात धंदा आहे. तुमच्या वडलांनी तर स्पष्टच सांगितलंय. मग असं करा, दहाव्याला पिंडदान, काकस्पर्श जे काय ते विधीप्रमाणे होऊ द्या, त्यात काटछाट करू नका, म्हातारी माणसं दुखावतात ती तिथं. कावळा शिवत नसेल तर ताटकळू नका, दर्भाचा कावळा करून शिवतात. जेवण मात्र सुतकातले भाऊबंद, खांदेकरी, मामाकडचे आणि व्याही एवढ्यांपुरतं, साधं वरण बट्टीचं. आहेर देणं घेणं बंद, हे आधीच सांगून टाका, कित्येक समाजांनी ते ठराव करून बंद केलंच आहे. बाकी गावासाठी संध्याकाळी तासभर प्रवचन किंवा भजन ठेवा, चहा द्या, आणि तिथंच उभं राहून भावानं वडलांची इच्छा वाचून दाखवावी आणि गावासाठी काय करतोय ते जाहीर करावं. जाहीर केलं की बोलणी थांबतात, कारण पैसे वाचवले असं कोणी म्हणू शकत नाही.

काय करायचं गावासाठी? फ्लेक्सचे बोर्ड, स्मृतिकमानी यांच्यात पैसे घालू नका, दोन उन्हाळ्यात रंग उडतो. आपल्या मुलखात मला सगळ्यात पटते ती पाणपोई, बसस्टँडवर किंवा शाळेच्या कोपऱ्यावर. पण नुसता कूलर बसवून नाव लिहून मोकळं होऊ नका, असे बंद पडलेले कूलर गावोगाव आहेत. कूलरच्या किमतीइतकीच रक्कम पुढच्या काही वर्षांच्या दुरुस्तीसाठी, लाईट बिलासाठी बाजूला ठेवायची, आणि रोज झाकण उघडून बघणारा एक माणूस ठरवायचा. हे जमत नसेल तर रांजण बरे, दरवर्षी होळीनंतर मांडायचे आणि पाऊस पडला की उचलायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेला पुस्तकं द्यायची तर आधी गुरुजींना विचारा काय हवंय, रद्दी देऊ नका. झाडं लावायची तर पन्नास लावून सोडण्यापेक्षा पाच लिंब, वड लावा आणि तीन उन्हाळे पाणी घाला.

आणि घरातल्या आठवणीसाठी आपल्याकडे अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आहेच, वेगळं काही शोधायला नको. वर्षाच्या आत येणाऱ्या पहिल्या अखजीला वडलांच्या नावानं डेरगं, म्हणजे पाण्याचं मातीचं मडकं, भरलं जाईल, वर खरबूज नाहीतर आंबा ठेवतात, आमरस पुरणपोळी सांजोरीचा घास चुलीत आगारी म्हणून टाकतात, पितर म्हणून एकाला जेवू घालतात. त्या दिवशी तुम्ही दोघं भावंडं, सून, जावई, नातवंडं सगळे गावी या. सासुरवाशिणीचा माहेरचा सण तो, पुण्याहून सुट्टी काढून या. वर्षश्राद्धाला न जमलं तरी चालेल एकवेळ, पण पहिली अखजी चुकवू नका, त्या दिवशी आई एकटी राहिली तर तिला फार जड जाईल.

राहिले कागद. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची, 1969 च्या जन्म मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे, तेव्हा नोंदीला काही खर्च नाही. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षाच्या आत असेल तर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटलं तर प्रांताच्या नाहीतर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या आदेशापर्यंत जावं लागतं, म्हणून कारभाऱ्याला सांगून दुसऱ्या आठवड्यातच उरका. नोंद जिथं प्राण गेला तिथं होते, राहत्या गावी नव्हे. घरी गेले तर ग्रामपंचायत, आणि ऐनवेळी धुळ्याला दवाखान्यात हलवलं आणि तिथं गेले तर धुळे महापालिका, लोक गावात हेलपाटे मारत बसतात. दाखल्याच्या दहाएक प्रती काढून घ्या, बँक, एलआयसी, पेन्शन, तलाठी, गॅस, सगळीकडे लागतात. बँकेत प्रधानमंत्री जीवनज्योतीचे वर्षाला 436 रुपये कापले जात होते का ते पासबुकात बघा, वयोमर्यादा असते त्यामुळे वडलांचं नसेल, पण घरात कमावतं माणूस गेलं असेल तर तिथले 2 लाख लोकांना माहीतच नसतात. वडील गेल्यावर त्यांच्या एटीएमनं पैसे काढू नका, आणि पीएम किसानचे हप्ते चालू असतील तर कळवून बंद करा, नाहीतर पुढे वसुली येते.

सातबाऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायचा, आता ऑनलाईनही होतो. त्यात आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांची नावं लागतात. इथं तुम्हाला एक सांगतो, थोरल्या भावासारखं. दहाव्या बाराव्याच्या गर्दीत कोणीतरी हळूच म्हणेल की ताई, सगळे जमलेच आहेत तर हक्कसोडचा कागद करून टाकू. त्या दिवसांत कुठल्याच कागदावर सही करू नका, आईलाही करू देऊ नका. पुढे तुम्हाला भावाला द्यायचं असेल तर खुशीनं द्या, सहा महिन्यांनी, शांतपणे, रजिस्ट्रारकडे जाऊन. भाऊ चांगला असेल तर तो स्वतःच म्हणेल की आत्ता नको.

या आठवड्यात करायची कामं म्हणाल तर जिभाऊंना फोन, मोठ्या मायकडे चक्कर, जवळच्या आयबँकेचा नंबर तुमच्या, भावाच्या आणि जिभाऊंच्या मोबाईलमध्ये, डॉक्टरांना घरी येऊन दाखला द्याल ना हे विचारणं. आणि वडलांचं आधार, सातबारा, बँक पासबुक आणि पेन्शनचा कागद एकत्र घेऊन बसा, चारही ठिकाणी नाव सारखं आहे का बघा. एकीकडे नुसतं नाव, एकीकडे बापाच्या नावासकट, कुठं आडनाव पाटील तर कुठं वेगळंच, असं आपल्याकडे घरोघरी आहे. आज आधारवरची चूक त्यांचा अंगठा घेऊन सुधारता येते, नंतर त्यासाठी तुम्हाला प्रतिज्ञापत्रं आणि तालुक्याच्या चकरा लागतील.